एकशेवीस तासांचा कागद

बी.ए., एम.ए., बी.एड., टीईटी, आणि ज्याच्यावाचून महाराष्ट्रात कुठलीच फाइल पूर्ण होत नाही ते एमएस-सीआयटी. एवढे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. मानधन तासाच्या हिशेबाने, तेही संस्थेच्या सवडीने. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचे आणि यादीची वाट बघायची. त्या वाट बघण्याला कंटाळून परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं ठरवलं, तर तिकडेही आणखी एक प्रमाणपत्र लागतं असं समजलं. अण्णा म्हणाले, "अजून किती कागदं गोळा करणारेस बाई?"

प्रश्न रास्त होता. व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीत काही वर्षं काढल्यावर आता मलाच गावाकडून फोन येतात. ताई, सेल्टा करू, की नेटवरचा स्वस्तातला कोर्स करू, की बी.एड. आहे तेवढं पुरे? (सेल्टा म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र.) मी आधी उलट विचारते, की पासपोर्ट कुठला आणि शाळा कुठल्या माध्यमातली. पोरं गोंधळतात. पण सुरुवात तिथूनच करावी लागते.

जपानचं उदाहरण घ्या. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याला तिथे इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा हवा असेल, तर बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेपासून सुरू होऊन दहावीपर्यंत मराठी माध्यमातच झालेलं. म्हणजे तिथे केंब्रिजचं काय, कुणाचंही प्रमाणपत्र नेलं तरी उपयोग शून्य. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० साली लागू झालेल्या भारत-कोरिया करारात भारतीय शिक्षकांसाठी एक फट ठेवलेली आहे, पण तिच्यातून जायला शिक्षक म्हणून पात्रता लागते, आणि मी शोधत होते तेव्हा तसली जागा मला एकही दिसली नाही. थायलंडला आपल्यासारख्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात: टोइकमध्ये ६०० किंवा आयेल्ट्समध्ये ५.५. ते जमण्यासारखं होतं, पण पगाराचे आकडे बघून मन वळेना.

राहिलं व्हिएतनाम. तिथल्या शिक्षण मंत्रालयाचं तेव्हा २०१८ चं एक परिपत्रक होतं, क्रमांक २१. भाषा शिकवणाऱ्या केंद्रांत कोण शिकवू शकतो ते त्यात लिहिलं होतं. नेटिव्ह स्पीकर, म्हणजे ती भाषा मातृभाषाच असलेला माणूस असेल तर कुठलीही पदवी आणि भाषा शिकवण्याचं प्रमाणपत्र. बाकीच्या परदेशी माणसांकडे त्या भाषेतली पदवी हवी. ती नसेल तर दुसरी पदवी, भाषेवर सी-१ म्हणजे वरच्या पातळीचं प्रभुत्व असल्याचा पुरावा आणि वर शिकवण्याचं प्रमाणपत्र. म्हणजे कायदा अक्षरशः वाचला तर इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. आणि वर बी.एड. झालेल्या माझ्यासारखीला सेल्टाची गरजच नव्हती, आणि मँचेस्टरहून अकाउंटन्सी शिकून आलेल्या माणसाला मात्र प्रमाणपत्र सक्तीचं होतं. पण जाहिराती परिपत्रक वाचून लिहीत नाहीत. प्रत्येक जाहिरातीत एकच ओळ: सेल्टा किंवा १२० तासांचं टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचं कुठलंही प्रमाणपत्र.

हा १२० आकडा आला कुठून, याचं मला तेव्हा फार कुतूहल होतं. सेल्टाचा उगम १९६२ सालचा. लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी इंटरनॅशनल हाउसमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी एक छोटा कोर्स सुरू केला, आणि पुढे तो वाढत वाढत केंब्रिजच्या छत्राखाली आला. आज त्यात किमान १२० तासांचं शिक्षण असतं. त्याच्या आत सहा तास प्रत्यक्ष शिकवायचं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना आणि प्रशिक्षकाच्या डोळ्यांदेखत. सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे, आणि चार लेखी असाइनमेंट. नेटवरच्या कोर्सवाल्यांनी यातला १२० एवढा आकडा तेवढा उचलला. व्हिडिओ बघायचे, बरोबर पर्यायावर खूण करायची, प्रमाणपत्र डाउनलोड करायचं. एकाही जिवंत विद्यार्थ्यासमोर उभं न राहता १२० तास भरतात. फी काही हजार. सेल्टाची फी लाखाच्या वर. नोकरीच्या जाहिरातीत मात्र दोघं एका ओळीत, मध्ये फक्त "किंवा".

मी सेल्टा केलं. कारण सांगायचं तर, मला आतून खात्री हवी होती की गोऱ्या शिक्षकांच्या शेजारी उभी राहिले तर शिकवण्यात मी कमी पडणार नाही. आता वाटतं, ही भीती जरा जास्तच होती, पण लाखभर रुपये त्याच भीतीपोटी गेले.

प्रवेशाआधी एक लेखी कामगिरी आणि मुलाखत असते. त्यात व्याकरणाचे प्रश्न होते: या दोन वाक्यांत फरक काय, विद्यार्थ्याला तो कसा समजावशील? ते मला सोपं गेलं. बारावीला "डू ॲज डायरेक्टेड" शिकवून शिकवून व्याकरण हाताच्या तळव्यावर आलेलं असतं. "टू" काढून वाक्य लिहा, "नो सूनर दॅन" वापरा, व्हॉइस बदला. झोपेतून उठवलं तरी सांगेन.

कोर्स हो ची मिन्ह सिटीतच केला. बरोबरची मंडळी सगळीकडची. एक निवृत्त इंग्रज बँकवाले, एक दक्षिण आफ्रिकेची मुलगी, दोघं व्हिएतनामी शिक्षक, एक फिलिपिनो बाई. त्या बाई आपल्या देशाची शिक्षक परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन, दहाएक वर्षं शाळेत शिकवून आलेल्या. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची दमछाक झाली ती पाठ टाचणानं. उद्दिष्ट लिहा, पायऱ्या लिहा, प्रत्येक पायरीला किती मिनिटं, कोण कोणाशी बोलणार, विद्यार्थी कुठे अडखळतील आणि तुम्ही काय कराल. बँकवाले काका रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत उद्दिष्टाच्या एका वाक्याशी झटत होते. मी आणि फिलिपिनो बाई मात्र निवांत. बी.एड.ला सामान्य उद्दिष्टं, विशिष्ट उद्दिष्टं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती असे रकाने आखून ज्यानं पाठ टाचणं काढलीत, त्याला हे काम नवं नाही. आपल्या बी.एड.ला आपणच फार नावं ठेवतो. तिथे मला पहिल्यांदा त्याचा उघड उपयोग झाला.

नवं होतं ते वेगळंच. "यूज्ड टू" शिकवायचं होतं. आपल्याकडे फळ्यावर सूत्र, खाली तीन वाक्यं, मग "यूज्ड टू वापरून वाक्य पुन्हा लिहा". इथे मास्तरांनी सूत्राला हातच लावू दिला नाही. आधी लहानपणीच्या शाळेचा एक प्रसंग सांगायचा, त्यातून एक वाक्य काढायचं: लहान असताना मी सायकलनं शाळेत जायचे. मग विचारायचं, एकदा गेले की नेहमी? आता जाते का? विद्यार्थी "नेहमी" आणि "आता नाही" म्हणाले, म्हणजे अर्थ पोचला. "समजलं का?" असं विचारायला पूर्ण बंदी. त्या प्रश्नाला जगात सगळीकडे एकच उत्तर येतं, हे मास्तरांचं म्हणणं. आणि ऐंशी पोरांच्या वर्गात रोज "यस मॅडम" ऐकलेल्या बाईला ते पटवून द्यावं लागलं नाही. अर्थ, मग उच्चार, मग रूप, आणि फळ्यावर लिहायचं ते सगळ्यात शेवटी.

प्रत्येक पाठानंतर सगळे गोल करून बसायचे. शिकवणारा आधी स्वतः बोलणार, मग सहकारी, मग मास्तर. मास्तर घड्याळ लावून बसलेले असायचे. चाळीस मिनिटांत शिक्षक किती बोलला आणि विद्यार्थी किती, याचा हिशेब ठेवायचे. त्या हिशेबात नेटिव्ह स्पीकर मंडळी आमच्याहून जास्त अडकायची. काकांची इंग्रजी ऐकत राहावी अशी, त्यामुळे ते बोलतच राहायचे आणि वर्ग कौतुकानं ऐकत राहायचा. शिकणं मात्र होत नव्हतं. व्याकरणाचं कारण विचारलं की ते म्हणायचे, "असंच म्हणतात". परकी भाषा म्हणून जी भाषा आपण स्वतः रडतखडत शिकलो, तिच्यातले खड्डे आपल्याला माहीत असतात. त्यांना ते दिसतही नाहीत.

व्हिएतनामी विद्यार्थ्यांची एक अडचण मला सेल्टामुळे नेमकी कळली. शब्दाच्या शेवटचं व्यंजन ते गिळतात. "लाइक", "लाइट", "लाइफ" हे तिन्ही शब्द नवशिक्याच्या तोंडून "लाय" एवढेच येतात, कारण त्यांच्या भाषेत शेवटी येणारी व्यंजनं मोजकीच आणि तीही तोंडातल्या तोंडात. शेवटचा "स" तर नाहीच, त्यामुळे अनेकवचनं आणि तृतीय पुरुषी क्रियापदं हवेत विरतात. विद्यार्थ्याला व्याकरण येत नाही असं वाटतं, खरं तर त्याला तो ध्वनी येत नसतो. एका असाइनमेंटमध्ये एकाच विद्यार्थ्याचा अभ्यास करून त्याच्या चुका, त्यांची कारणं आणि उपाय लिहायचे असतात. मी यावर लिहिलं. चार असाइनमेंटपैकी हीच मला खऱ्या अर्थानं कामाला आली.

सेल्टाबद्दल तक्रारही आहे. हा कोर्स मोठ्या माणसांना शिकवण्यासाठी बेतलेला आहे. पंधरा-सोळा प्रौढ, खुर्च्या नालाच्या आकारात, स्वखुशीनं आलेले लोक. हो ची मिन्ह सिटीतल्या नोकऱ्या मात्र बहुतेक लहान मुलांच्या: संध्याकाळी शाळा सुटल्यावर आणि शनिवार-रविवार सकाळपासून. पहिल्याच नोकरीत माझ्या वाट्याला सहा वर्षांची पोरं आली. त्यातलं एक टेबलाखाली, एक खिडकीत, एक रडतंय. तिथे अर्थ तपासणारे प्रश्न कोणाला विचारणार? तिथे मला वर्गातल्या व्हिएतनामी सहायक मुलीनं तारलं. तिच्याकडे कसलंच आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नव्हतं आणि पगार माझ्या पावपट. पोरांना ओळीत कसं बसवायचं, गाणं कुठे थांबवायचं, कोणाकडे कधी नुसतं दुर्लक्ष करायचं, हे सगळं मी तिच्याकडून शिकले.

आता कागदाचं खरं प्रकरण. नोकरी मिळाली की वर्क परमिट, आणि वर्क परमिटला पदवी आणि प्रमाणपत्र नुसतं दाखवून भागत नाही. ज्या देशानं ते दिलं त्या देशाच्या सरकारनं ते खरं असल्याचं सांगावं लागायचं आणि त्यावर व्हिएतनामच्या वकिलातीचा शिक्का लागायचा. अपॉस्टिल करारातल्या देशांत एकमेकांचे कागद एकाच सरकारी शिक्क्यावर चालतात; भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण व्हिएतनाम तेव्हा नव्हतं. त्यामुळे एका शिक्क्यात काम भागेना. माझी पदवी शिवाजी विद्यापीठाची. आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग मंत्रालयात उच्च शिक्षण विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय, मग व्हिएतनामचा वाणिज्य दूतावास. मी इकडे, कागद तिकडे, आणि मधे अण्णा. कोल्हापूर, मग रात्रीच्या एसटीनं मुंबई. फोर्टमधल्या एका एजंटनं छातीठोकपणे सांगितलं, "अपॉस्टिल करून टाकू साहेब, सगळीकडे चालतं." अण्णांनी मला फोन लावून दिला आणि मी त्या माणसाला व्हिएतनाम कुठल्या यादीत नाही हे समजावत बसले. अखेर अण्णांनी दुसरा एजंट शोधला. "हा बोलतो कमी," एवढंच त्यांचं कारण. काम त्यानं नीट केलं.

सेल्टाची गंमत आणखी पुढची. ते प्रमाणपत्र केंब्रिजचं, म्हणजे इंग्लंडचं कागदपत्र. कोर्स व्हिएतनाममध्ये झाला, मास्तर व्हिएतनाममध्ये, विद्यार्थी व्हिएतनामी, पण शिक्क्यासाठी कागद इंग्लंडला जाणार: तिथल्या सॉलिसिटरची सही, ब्रिटिश परराष्ट्र खात्याचं प्रमाणन, मग लंडनमधली व्हिएतनामची वकिलात. बँकवाल्या काकांची पदवी आणि सेल्टा दोन्ही इंग्लंडचे, त्यांचं एका पाकिटात झालं. मला दोन खंडांत दोन मिरवणुका काढाव्या लागल्या. शिवाय पासपोर्ट सेवा केंद्राचं पोलिस क्लिअरन्स, जे सहा महिन्यांहून जुनं चालत नाही. म्हणजे बाकीचे कागद रेंगाळले की हे शिळं होतं. माझ्या भाषाकेंद्राच्या एचआरमधली मुलगी शेवटी म्हणाली, तुमची इंग्रजीची पदवी आणि बी.एड. कायदेशीर झालंय ना, मग फाइल त्यावरच लावू. फाइल त्यावरच मंजूर झाली. सेल्टा लंडनहून शिक्के घेऊन परत आलं तेव्हा माझं वर्क परमिट हातात होतं.

मग सेल्टानं पगारात तरी फरक पडला का? पडला, पण किती ते माझ्या शेजारी कोण बसलंय यावर अवलंबून होतं. त्या केंद्रात ताशी दराचे दोन तक्ते होते, एक नेटिव्ह स्पीकरचा आणि एक बाकीच्यांचा. सेल्टा असलं की तक्त्यात वरची पायरी मिळायची, पण आपल्याच तक्त्यात. नेटिव्ह स्पीकरच्या तक्त्याची सगळ्यात खालची पायरी माझ्या सगळ्यात वरच्या पायरीहून उंच होती. म्हणजे नेटवरचं टेफल करून आलेला बावीस वर्षांचा नेटिव्ह पोरगा माझ्याहून आणि परवानाधारक फिलिपिनो बाईंहून जास्त घेत होता. मी विचारलं. उत्तर मिळालं, "पालकांची मागणी." इंग्रजी शिक्षकांच्या टेसोल या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००६ सालीच अशा भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतलेली आहे. ती पालकांपर्यंत पोचलेली नाही. पालकांनाही मी फार दोष देत नाही. सांगली-कोल्हापूरकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या फलकावर हसऱ्या गोऱ्या पोरांचे फोटो आपण का लावतो, ते मला ठाऊक आहे.

फोन करणाऱ्या पोरांना मी हेच सांगते. व्हिएतनामच्या सरकारी खिडकीवर सेल्टा आणि टेफल यांत फारसा फरक नाही. तिथे शिक्के बघतात. नोकरीच्या बाजारात फरक आहे, पण पासपोर्टच्या खालोखाल. वर्गात फरक प्रचंड आहे, कारण कोणीतरी मागे बसून तुम्हाला शिकवताना बघतं आणि तोंडावर सांगतं. आपल्याकडे नोकरी लागल्यावर ते सुख कोणालाही मिळत नाही. पैसे जेमतेम असतील तर आधी आयेल्ट्स द्या, पदवी आणि बी.एड.चे शिक्के घर सोडण्याआधी करून घ्या, आणि सेल्टा तिकडे एक वर्ष कमावून मग करा. शिक्के मारलेले कागद परमिटच्या नूतनीकरणालाही चालतात; माझं परमिट दोन वर्षांचं होतं, तेव्हा ते फार सोपं गेलं.

ते केंद्र मी पुढे सोडलं. एका द्विभाषिक शाळेत अर्ज केला, जिथे सगळ्यांना एकच वेतनश्रेणी होती. अशा शाळांना भाषाकेंद्राचा शिक्षक नको असतो, शाळेचा शिक्षक हवा असतो; तिथे सेल्टा जोडपदवीसारखं धरतात आणि मुख्य मागणी शिक्षणशास्त्राच्या पदवीची असते. मुख्याध्यापिकांनी माझा वीस मिनिटांचा नमुना पाठ बघितला, पाचवीच्या पोरांसमोर. मग फोल्डर उघडलं. सेल्टाचं प्रमाणपत्र वाचून बाजूला ठेवलं आणि शिवाजी विद्यापीठाच्या बी.एड.च्या गुणपत्रिकेवर बोट ठेवून विचारलं, सरावपाठ कुठल्या शाळेत, कुठल्या इयत्तांना घेतले होते? मी सांगितलं, नगरपालिकेची शाळा, आठवी आणि नववी, एका बाकावर तिघं. त्यांनी लिहून घेतलं, आणि दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिकांच्या रंगीत स्कॅन संध्याकाळपर्यंत पाठवायला सांगितल्या.